सोनखत, सांडपाणी आणि आपण

मानवी विष्ठेपासून तयार होणाऱ्या खताला मराठी भाषेने ‘सोनखत’ असे नाव दिले आहे. ज्या वस्तूचा चारचौघांत उच्चार करू नये असा संकेत आहे, तिच्याच नावात सोने आणून बसविणारी ही भाषा शेतकऱ्यांची आहे. त्याच मराठीत ‘सांडपाणी’ हाही शब्द आहे. सांडपाणी म्हणजे सांडलेले, टाकून दिलेले, ज्याच्याशी आता आपला काही संबंध उरला नाही असे पाणी. हे दोन शब्द शेजारी ठेवले की एकाच वस्तूकडे पाहण्याच्या दोन दृष्टी ध्यानात येतात. एका दृष्टीला तिच्यात उद्याचे पीक दिसते, दुसरीला ती डोळ्यांआड व्हावी एवढेच हवे असते.

आपल्या वाडवडिलांच्या घरांमागे मोरीचे पाणी अळवाच्या वाफ्यात नाहीतर केळीच्या आळ्यात सोडलेले असे. त्याला कोणी ‘पुनर्वापर’ म्हणत नसे आणि त्याची कोणाला किळसही येत नसे. आज एखाद्या गृहसंकुलात शुद्धीकरण केलेले सांडपाणी बागेला किंवा संडासाच्या टाक्यांना द्यावे, असा प्रस्ताव आला की सभेत नाके मुरडली जातात. मोरीच्या पाण्यापेक्षा हे पाणी अनेकदा अधिक स्वच्छ असते, तरीही असे का व्हावे? माणसाच्या दृष्टीत हा बदल केव्हा व कशामुळे झाला, याचा मागोवा इतिहासातून घेण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

वेशीबाहेर जाणारा ओढा

सांडपाणी घराबाहेर नेण्याची कला फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी सुमारे २५०० वर्षांच्या काळात मोहेंजोदडो येथे विटांनी बांधलेली, वरून झाकलेली गटारे होती. घरातील न्हाणीघराचे पाणी उतरत्या नळीतून रस्त्यावरच्या गटारात जाई आणि गाळ बसावा म्हणून मध्येमध्ये खड्डे ठेवलेले असत.

आपल्या परिचयाच्या यरुशलेम नगरीकडे वळू. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात छावणीबाहेर खड्डा खणून विष्ठा मातीने झाकावी, असा दंडक आहे. छावणी पवित्र राहिली पाहिजे, हे त्यामागचे कारण तेथेच सांगितले आहे. नहेम्याने नगराच्या तटाची पाहणी केली, तेव्हा त्याच्या वाटेवर उकिरडा वेस लागली. नगरातील केरकचरा त्या वेशीतून बाहेर पडे. परंतु यहुदी परंपरेतील ‘मिश्ना’ या संग्रहात यापेक्षा अधिक विचार करायला लावणारी एक नोंद आहे. मंदिरातील वेदीच्या पायथ्याशी ओतलेले बलिदानाचे रक्त एका नाल्यातून किद्रोन ओढ्यात जाऊन मिळे. तेथील माळी ते खत म्हणून विकत घेत. मोल न देता ते नेणे हा पवित्र वस्तूचा अपहार समजला जाई. म्हणजे पवित्र स्थळातून बाहेर पडलेले पाणी ओढ्यात गेले तरी टाकाऊ ठरत नव्हते. त्याला धनी होता, किंमत होती आणि ते कोणत्या बागेत जाते हेही ठाऊक होते.

रोममध्ये मात्र व्यवहाराची दृष्टी वरचढ होती. तेथील परीट लोकरीचे कपडे स्वच्छ करण्यासाठी साठविलेले मूत्र वापरीत, कारण त्यातील अमोनियामुळे मळ निघे. सम्राट वेस्पेशियन (इ.स. ६९ ते ७९) याने या मूत्राच्या व्यवहारावर कर बसविला. त्याचा पुत्र टायटस याला ही कल्पना लाजिरवाणी वाटली. तेव्हा बापाने कराच्या पहिल्या हप्त्यातील नाणे मुलाच्या नाकाशी धरून, याला घाण येते का, असे विचारल्याची कथा स्वेटोनियस या चरित्रकाराने नोंदवून ठेवली आहे.

कियारावाल्लेचे मठवासी

सांडपाण्याच्या इतिहासातील एक उजळ पान आपल्या ख्रिस्तसभेतील एका मठाच्या नावावर आहे. इ.स. ११३५ साली क्लेरव्होचे संत बर्नार्ड इटलीतील मिलान शहरी आले. त्यांच्या प्रेरणेने शहराच्या दक्षिणेस काही मैलांवर सिस्टर्सियन संघाचा मठ स्थापन झाला. ‘कियारावाल्ले’ हे त्याचे नाव क्लेरव्होचेच इटालियन रूप असून त्याचा अर्थ ‘उजळ दरी’ असा होतो. प्रत्यक्षात मठाच्या वाट्याला आली ती दलदल. सिस्टर्सियन संघाने संत बेनेडिक्ट यांची नियमावली तिच्या मूळच्या कठोर स्वरूपात स्वीकारली होती, आणि त्या नियमावलीत हातांनी केलेल्या श्रमाला उपासनेच्या जोडीचे स्थान होते. मठवासीयांनी चर खणले, बांध घातले, दलदलीतील पाण्याला वाट करून दिली.

त्या परिसरातून वेत्ताब्बिया नावाचा कालवा वाहत होता. मिलान शहराचे वापरलेले पाणी, घाण आणि गाळ घेऊन तो दक्षिणेकडे येई. मठवासीयांनी थोड्याच वर्षांत या कालव्याचे पाणी आपल्या जमिनीकडे वळविले. या पाण्यावर त्यांनी जी शेती वाढविली तिला ‘मार्चिता’ म्हणतात. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. जमीन अगदी हलक्या उताराची करावयाची. वरच्या चरातून पाणी काठोकाठ भरून सांडू द्यावयाचे, म्हणजे ते पातळ पडद्यासारखे गवतावरून सरकत खालच्या चरात उतरते. उत्तर इटलीच्या हिवाळ्यात जमीन गोठून जाते. शहरातून आलेले पाणी मात्र तुलनेने कोमट असते आणि ते सतत वाहते राहिल्याने गवत गोठत नाही. त्यातील सत्त्वांवर गवत पोसते. इतर शेते बर्फाखाली असताना येथे हिरवा चारा कापणीला येई आणि वर्षातून सात किंवा त्याहून अधिक कापण्या मिळत.

चारा विपुल झाला, गाई वाढल्या, दूध वाढले. उरलेले दूध टिकवायचे कसे, या विवंचनेतून ‘ग्राना’ जातीचे कठीण, दीर्घकाळ टिकणारे चीज याच मठात जन्मास आले, असे तेथील परंपरा सांगते. दोन गोष्टी येथे लक्षात घ्याव्यात. ते पाणी ज्या गवतावर पडे ते माणसे खात नसत, गाई खात. कच्च्या भाजीवर ते शिंपडले जात नसे. जंतुशास्त्राचा गंधही नसलेल्या काळात या रचनेने पाणी आणि माणसाचे ताट यांच्यात अंतर राखले होते. दुसरी गोष्ट कमी सुखद आहे. चिखलात उभे राहून चर उपसण्याचे बरेचसे काम मठातील श्रमव्रती बंधूंच्या वाट्याला येई. ते बहुधा निरक्षर असत आणि त्यांची मंदिरातील जागाही वेगळी असे. पाण्याला मान मिळाला, तितका तो उपसणाऱ्या हातांना मिळाला नाही. हा अनुभव पुढे सर्वत्र येतो.

पूर्वेकडील बाजारभाव

पूर्व आशियात सोनखताचा रीतसर बाजार होता. जपानमधील एदो (आजचे टोकियो) व ओसाका या नगरांतील मैला आसपासचे शेतकरी पैसे देऊन नेत. भाडेकरूंच्या घरातील विष्ठेवर घरमालकाचा हक्क असे, मूत्रावर भाडेकरूचा. भाव वाढले की शेतकरी तक्रारी करीत आणि गावे एकत्र येऊन वाटाघाटी होत. चीनमध्ये इ.स. १९०८ साली शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीने एका चिनी कंत्राटदाराला मैला उचलण्याचा हक्क ३१ हजार डॉलरहून अधिक रकमेस विकला. ते प्रमाण होते ७८ हजार टन. अमेरिकन कृषितज्ज्ञ एफ. एच. किंग यांनी आपल्या प्रवासात ही नोंद केली. घाण उचलण्यासाठी पाश्चात्त्य नगरे पैसे मोजत असताना येथे घाणीचेच पैसे मिळतात, हे पाहून ते थक्क झाले होते. या पद्धतीला मोल द्यावे लागले तेही सांगितले पाहिजे. कच्च्या मैल्यातून जंतांची अंडी भाजीवर येत आणि पोटातील जंतांचा उपद्रव त्या प्रदेशांत घरोघरी असे.

पटकीने बदललेली दृष्टी

एकोणिसाव्या शतकात युरोपात ही दृष्टी पालटली. पाण्याने धुतले जाणारे संडास घरोघरी आले. पूर्वी जो मैला घट्ट स्वरूपात शेताकडे जाई तो आता पाण्यात मिसळून नदीत जाऊ लागला, आणि त्याच नदीचे पाणी लोक पीत होते. पटकीच्या साथींनी इंग्लंडला वारंवार झोडपले. रोग दुर्गंधीतून पसरतो, अशी तेव्हाची दृढ समजूत होती. डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाकडे बोट दाखवून, पटकी पाण्यातून येते हे दाखवून दिले. तरी त्यांचे म्हणणे लगेच मान्य झाले नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने मोठमोठी भुयारी गटारे बांधून शहराचा मैला पूर्वेस, नदीच्या मुखाच्या दिशेने नेऊन सोडला. लंडन वाचले. घाण डोळ्यांआड करणे म्हणजेच सुधारणा, हा धडाही जगाने त्यातून घेतला.

सर्वांनी तो निमूटपणे घेतला असे नाही. विख्यात फ्रेंच कादंबरीकार व्हिक्टर ह्यूगो यांनी १८६२ च्या ‘ले मिझेराब्ल’ या कादंबरीत कथानक थांबवून पॅरिसच्या गटारांवर काही प्रकरणे लिहिली आणि शहर आपली संपत्ती समुद्रात ओतते आहे, अशी खंत व्यक्त केली. १८६९ पासून पॅरिसच्या अभियंत्यांनी जेनव्हिलिए येथे गटाराचे पाणी रेताड जमिनीवर सोडण्यास आरंभ केला. पुढे भाजीपाल्याची शेते शेकडो हेक्टरांवर पसरली. बर्लिनने १८७६ पासून हाच मार्ग धरला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नने १८९७ मध्ये वेरिबी येथे मैलापाण्याची विस्तीर्ण शेती उभारली. पॅरिसला कोबी आणि फुलकोबी मिळत होती. जेनव्हिलिएच्या रहिवाशांची मात्र तळघरांत पाणी येते, ताप वाढला, अशी गाऱ्हाणी होती. लाभ एका गावाचा आणि दर्प दुसऱ्याचा, अशी ही वाटणी होती.

दरम्यान रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्तमध्ये व नंतर आपल्या कोलकात्यात पटकीचा जंतू निश्चित केला. आता शत्रूला चेहरा मिळाला. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी मैलापाण्यात हवा खेळवून उपयुक्त जिवाणूंकरवी ते शुद्ध करण्याची रीत शोधली. जे काम करण्यास शेताला शेकडो एकर लागत ते काही टाक्यांत होऊ लागले. त्याच सुमारास कारखान्यात तयार झालेले नत्रखत बाजारात आले. शेतकऱ्याला सोनखताची गरज राहिली नाही आणि शहराला शेतकऱ्याची. पॅरिसच्या मैलापाण्याच्या शेतांची अखेर तर फारच बोधप्रद आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंनी ती माती शतकभरात इतकी दूषित झाली, की इ.स. २००० च्या सुमारास तेथे भाजीपाला पिकवून विकण्यास बंदी घालावी लागली. मठवासीयांच्या काळातील घाण मातीत जिरून जात होती. आपल्या काळातील घाण मातीत मुक्काम करते.

आपल्याकडील दुखरी बाजू

भारतात या प्रश्नाला एक वेगळी वेदना आहे. येथे मैल्याचा स्पर्श एका समाजगटाच्या माथी जन्मतःच मारला गेला आणि त्यामुळे त्या माणसांनाच अस्पृश्य ठरविण्यात आले. सोनखताला सोने म्हणणारी भाषा ते वाहणाऱ्यासाठी मात्र अपमानाचे शब्द वापरीत राहिली. या अन्यायाला कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन यांनी स्वतःच्या हातांनी उत्तर दिले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आपल्याला भंगीकाम करू द्यावे म्हणून त्यांनी उपोषण केले आणि त्यांना पाठिंबा म्हणून गांधीजींनीही येरवड्यात अन्न वर्ज्य केले. पुढे १९४८ मध्ये कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापन करून अप्पांनी माणसाच्या डोक्यावरून मैला वाहावा लागू नये आणि त्याचे खतही वाया जाऊ नये, अशा संडासांचा प्रसार केला.

मुंबईचेही एक उदाहरण नोंदवू. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैलापाणी बंद टाकीत कुजवून त्यातून निघणारा वायू वापरण्याचा प्रयोग झाला. जैविक वायूच्या इतिहासात तो आरंभीच्या प्रयोगांपैकी गणला जातो. कोलकात्याच्या पूर्वेला तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मच्छीमार आणि शेतकरी शहराचे मैलापाणी उथळ तळ्यांत घेऊन त्यावर मासे पोसतात. सूर्यप्रकाश, शेवाळ आणि जिवाणू पाणी शुद्ध करतात, मासे ते शेवाळ खातात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने १९८० च्या दशकात शहराचे मैलापाणी कोठे जाते याचा पायी शोध घेतला, तेव्हा या व्यवस्थेचे महत्त्व जगापुढे आले. २००२ साली या १२,५०० हेक्टरांच्या पाणथळ क्षेत्राला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

पुन्हा ओठांपर्यंत

सर्वांत कठीण पायरी म्हणजे तेच पाणी पुन्हा पिणे. १९५६-५७ च्या दुष्काळात अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील शनूट या गावी नदी आटली. तेव्हा शुद्धीकरण केलेले मैलापाणी पाच महिने फिरून फिरून नळांत सोडण्यात आले. ते जंतूंच्या कसोटीस उतरत होते, परंतु पिवळसर दिसे आणि फेसाळे. लोकांनी शक्य तेथे बाटलीबंद पाणी विकत घेतले. १९६८ साली नामिबियाच्या विंडहूक शहराने मात्र हा मार्ग कायमचा स्वीकारला. वाळवंटांच्या मधोमध वसलेल्या त्या शहरापासून बारमाही नद्या शेकडो किलोमीटर दूर आहेत. तो प्रदेश तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीखाली होता आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय रहिवाशांना मतच नव्हते, हेही विसरता येत नाही. तरीही स्वातंत्र्यानंतर त्या देशाने ही योजना मोडली नाही. २००२ मध्ये दररोज २ कोटी १० लाख लिटर क्षमतेचे नवे केंद्र बांधले. कारखान्यांचे सांडपाणी घरगुती पाण्यात मिसळू न देणे, हा तेथील पहिला नियम आहे.

सिंगापूरने २००३ साली ‘न्यूवॉटर’ या नावाने अशीच योजना सुरू केली. त्याआधीच्या वर्षी राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यात त्या पाण्याच्या बाटल्या वाटल्या गेल्या आणि पंतप्रधानांनी ते सर्वांसमक्ष पिऊन दाखविले. ऑस्ट्रेलियातील टुवूम्बा शहराने मात्र जुलै २००६ मध्ये, तीव्र दुष्काळ असतानाही, सुमारे ६२ टक्के मतांनी अशी योजना फेटाळली. तंत्रज्ञान दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. लोकांना कधी, कोणी आणि किती मोकळेपणाने विश्वासात घेतले, यात फरक होता. यंत्र पाणी शुद्ध करू शकते, परंतु ते शुद्ध झाले असे सांगणाऱ्यावर विश्वास बसावा हे यंत्राच्या हाती नाही.

मिलानची कथाही येथेच पुरी करू. शतकानुशतके वेत्ताब्बियाने शहराची घाण शेतांकडे नेली. शहर अफाट वाढले, कारखाने आले, तरी मिलानचे मैलापाणी एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत शुद्धीकरणाविनाच सोडले जात होते. २००३ मध्ये नोझेदो येथे साडेबारा लाख लोकसंख्येइतक्या क्षमतेचे केंद्र सुरू झाले. तेथून निघालेले शुद्ध पाणी कियारावाल्लेच्या परिसरातील शेतांना पुन्हा मिळू लागले. मठ अजून तेथे आहे आणि सिस्टर्सियन मठवासीही आहेत.

आपल्या दारातील प्रश्न

महाराष्ट्रातही ही वाटचाल सुरू झाली आहे. नागपूरचे शुद्धीकरण केलेले मैलापाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरविले जाते. तेवढेच धरणाचे पाणी माणसांसाठी उरते. उद्या अशा योजना आपल्या नगरपालिकांतही येतील. त्यांना केवळ किळसेपोटी विरोध करणे जितके अयोग्य, तितकेच डोळे झाकून होकार देणेही धोक्याचे आहे. मठाच्या गवतापासून पॅरिसच्या कोबीपर्यंतचा इतिहास आपल्याला चार प्रश्न शिकवितो. गटारात काय काय मिसळते? पाणी तपासतो कोण आणि त्याचा अहवाल लोकांना दिसतो का? ते कोणाच्या शेतात, कोणाच्या ताटात जाते? आणि ते हाताळणाऱ्या माणसांचे काय?

शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत निकडीचा वाटतो. हाताने मैला उपसण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली तो अधिक कडक झाला. तरीही गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत उतरून गुदमरून मरणाऱ्या कामगारांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. आपल्या धर्मग्रामांतील शाळा, वसतिगृहे, सभागृहे आणि आपली घरे यांच्याखाली अशाच टाक्या आहेत. मोरीत ओतलेले ॲसिड, उरलेला रंग, कालबाह्य औषधे त्यांत जाऊन मिळतात. टाकी उपसायला टँकर येतो तेव्हा आपण सहसा खिडक्या लावून घेतो. खिडकी न लावता बाहेर यावे, कोणी माणूस टाकीत उतरत नाही ना हे पाहावे, आणि भरलेला टँकर कोठे रिकामा होणार आहे हे चालकाला विचारावे. एवढे तर प्रत्येक कुटुंबाला करता येईल.